आत्यापाशी थांबलेली रेघ

मी जपानात, टोकियोजवळच्या इचिकावात, पाचव्या मजल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत इंग्लंडातल्या मेलेल्या माणसांची लग्नं जुळवते. कुठल्या सरदाराच्या धाकट्या भावाचा तिसरा मुलगा कुठल्या चर्चमध्ये बोहल्यावर चढला, त्याला मुलं किती, जगली किती, इस्टेट कोणाकडे गेली, हे शोधून द्यायचं. माझं गिऱ्हाईक बहुतेक अमेरिका-ऑस्ट्रेलियातलं. प्रत्येकाला आपल्या पणजोबांच्या मागे एक किल्ला हवा असतो. बहुतेकांच्या मागे तबेला निघतो, आणि ते कळवताना मला जो आनंद होतो तो सभ्य बाईला शोभणारा नाही.

नवरा टोकियोहून दमून येतो आणि बूट काढता काढता विचारतो, "आज कोणाला मारलंस?"

"एका अर्लला. न्यूमोनियाने."

"वारस?"

"पुतण्या. पण बिघडलेला."

हे वेड मला काकांनी लावलं. आमच्या कुळाचा वृत्तांत त्यांनी छापला तेव्हा मी कॉलेजात होते आणि सगळ्या घरांची कार्डं मीच भरली होती. नियम सोपा होता. मुलग्यांना क्रमांक. मुलींच्या नावापुढे सासरचं आडनाव आणि गाव, की रेघ बंद. त्यांची मुलंबाळं दुसऱ्यांच्या पुस्तकात. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, म्हणून माझ्या नावापुढे आजही फक्त 'पुणे' लिहिलेलं आहे. पुढे इंग्रजांचे जाडजूड घराणेग्रंथ हातात आले तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथेही आधी सगळे मुलगे, मग खाली मुली, थोरली असली तरी खालीच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जपानी आजी राहत. पहिली भेट कचऱ्यावरून झाली. मी प्लास्टिकच्या दिवशी लोणच्याची काचेची बरणी टाकली होती. ती त्यांनी धुऊन, पुसून, दारात आणून दिली आणि म्हणाल्या, "काच गुरुवारी." अशा बाईशी मैत्री न करून कसं चालेल?

एक दिवस त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन खाली आल्या. आत जुने फोटो आणि पत्रं होती. त्यांचे यजमान इंग्रज होते. जन्मभर सेंदाईत विद्यापीठात शिकवलं, निवृत्तीनंतर दोघं इकडे आली, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेले. अस्थींची पेटी पांढऱ्या कापडात बांधून फडताळावर होती.

"जपानी मुलीशी लग्न केलं म्हणून त्यांच्या वडिलांनी पत्रव्यवहार तोडला," आजी म्हणाल्या. "लढाईत वडिलांनी आमच्या लोकांकडून फार सोसलं होतं. मी काय बोलणार?" मग हसल्या. "दोन पेले झाले की हे सांगायचे, आजोबांच्या घराला नऊ धुराडी होती. तीन पेले झाले की अकरा."

इंग्लंडातल्या आपल्या गावच्या चर्चच्या भिंतीपाशी, आईजवळ आपल्याला ठेवावं, असं ते शेवटी म्हणाले होते. आजी शरद ऋतूत वृद्धाश्रमात जाणार होत्या, खोली लहान. देवळातल्या सामाईक समाधीत अस्थी द्यायची सोय होती, पण तिथे एकदा ओतल्या की वेगळ्या काढता येत नाहीत.

"इंग्लंडला पाठवल्या तर पेटी उघडणारं कुणीतरी हवं," त्या म्हणाल्या. "आत कोण आहे हे ज्याला माहीत आहे असं. तुम्ही बघाल का, ओकुसान? कुणी आहे का त्यांचं?" ओकुसान म्हणजे घरची बाई; नावाने त्या मला कधी हाक मारत नसत.

मी बघितलं. असा मुरंबा माझ्या ताटात कधी पडला नव्हता! आजोबा खरोखरच पिढीजात 'सर' निघाले. थोरला मुलगा अविवाहित वारला, म्हणून उपाधी दुसऱ्याकडे गेली, म्हणजे यांच्या वडिलांकडे. वडिलांना हा एकच मुलगा. बोलणं तोडता येतं, उपाधी तोडता येत नाही. म्हणजे वडील गेल्यावर 'सर' हेच! तिसरा मुलगा पाद्री, ब्रह्मचारी. त्याच्याखाली एक ओळ होती, 'आणि एक मुलगी, विवाहित'. माझी पेन्सिल तिथे क्षणभरही थांबली नाही.

तक्ता घेऊन मी वर गेले आणि आजींच्या बुटक्या टेबलावर अंथरला. नाटक मला कुणी शिकवावं लागत नाही. वरून खाली बोट आणत आणत मी शेवटच्या नावावर थांबले, श्वास घेतला आणि जाहीर केलं, "तुमचे यजमान या घराण्याचे शेवटचे 'सर' होते. आणि तुम्ही, आजी, लेडी!"

त्या तोंडावर हात धरून हसल्या. "लेडी? मग जिन्यावरून कचरा कोण उतरवणार?" मग म्हणाल्या, "सेंदाईत सायकलला कांद्याची पात अडकवून यायचे हो. एका शब्दाने बोलले नाहीत." चहा ओतताना त्यांना आणखी एक आठवलं. लहानपणी आजोबांच्या बागेत ते सफरचंदं चोरायचे, आणि फांदीखाली लाल बूट घातलेली एक चिमुरडी फ्रॉक पसरून उभी असायची. मी चहा प्यायले, हसले. लिहूनसुद्धा घेतलं नाही.

"म्हणजे आता कुणीच नाही?" आजींनी विचारलं.

"कुणीच नाही. वंश इथे संपला." पडदा पाडावा तशा आवाजात मी हे बोलले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यांनी वाकून आभार मानले आणि मला चार नासपती दिल्या.

देवळात मी बरोबर गेले होते. पुजाऱ्याने मंत्र म्हटले, दगडी झाकण सरकवलं. डब्यात तांदूळ ओतावेत तसा कोरडा आवाज झाला. आजींनी पेटीचं पांढरं कापड चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी मला इंग्लंडहून पत्र आलं. अगदी सुरुवातीला मी त्या चर्चला यजमानांच्या आईच्या कबरीचा फोटो मागितला होता आणि विसरून गेले होते. उत्तराला उशीर झाल्याबद्दल तिथल्या कारभाऱ्याने माफी मागितली होती. पुढे लिहिलं होतं, ही कबर एक बाई दर वसंतात साफ करतात. वय ऐंशीच्या पुढे. घराण्यातल्या मुलीची मुलगी. तुमचं पत्र त्यांना दाखवलं, त्या खूप रडल्या. विचारत होत्या, तो अजून आहे का? त्याला माझे लाल बूट आठवतात का?

मी तक्ता काढला. 'आणि एक मुलगी, विवाहित.' यजमानांची आत्या. आत्याशिवाय आमच्याकडे बाळाचं नाव ठेवत नाहीत, तिने कानात सांगितल्याशिवाय पाळणा हलत नाही. आणि मी, स्वतः दोन भाच्यांची आत्या, उपाधी कुठे गेली एवढंच बघत तिच्यावरून पुढे गेले होते.

त्या दिवशी नवऱ्याने कोणाला मारलंस असं विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नको सांगूस त्यांना. आता उपयोग काय?"

"कुणी आहे का नाही हे मी एकदा ठरवलं. आता त्यांना कळावं का नाही हेही मीच ठरवू?"

वृद्धाश्रमात आजींची खोली खरंच लहान होती. पलंग, खुर्ची, खिडकी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कसलीही गोष्ट न रंगवता.

आजींनी खिडकीचा पडदा सारला. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या पुस्तकांत मुली नसतात?"

"असतात. पुढे नेत नाहीत."

"माहेरच्या सरकारी नोंदीत माझ्या नावावर फुली आहे," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन गेले म्हणून. तरी तक्ता बघताना मलाही सुचलं नाही, खालच्या मुलीचं काय झालं ते." मग खुर्ची पुढे सरकवून, "बसा. चहा घेणार ना?"

त्या रागावल्या असत्या तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.

चहानंतर त्यांनी पर्स उघडली आणि ते पांढरं कापड काढलं. घड्या तशाच होत्या. "यात ते दोन वर्षं होते," त्या म्हणाल्या. "भिंतीपाशी हे ठेवतील का? विचारून बघा. आणि त्या बाईंना लिहा, मी सांगते तसं. वाढवू नका."

मी एक शब्दही वाढवला नाही. त्यांनी जपानीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं: 'धुराड्यांची संख्या ते नेहमी बदलायचे. बुटांचा रंग कधी बदलला नाही.'

कापडाचं मी आधी विचारलं होतं, त्याला इंग्लंडहून उत्तर आलं. 'हो, पाठवा.' मग एका सकाळी मी ते पाकीट घेऊन पोस्टात गेले. परदेशी पाकिटाच्या फॉर्मवर आत काय आहे ते लिहावं लागतं. मी 'कापड' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं आणि विचारलं, "नवीन?"

"नाही, वापरलेलं."

"आणखी काही?"

"एक चिठ्ठी."

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पेटीत टाकलं. टाकताना जरा हळू टाका, असं मला म्हणायचं होतं. माझ्या मागे रांग होती. मी बाजूला झाले.