कोपऱ्यातली चिमणी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे — ठाऊक नाही. मालतीअक्का आता नाहीत, म्हणून धीर आला असेल. म्हणजे हाही भित्रेपणाच.

ऐंशीच्या दशकात मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. अक्का शाळेत चित्रकला शिकवायच्या आणि आमच्यासाठी व्यंगचित्रं काढायच्या. नाव घालत नसत. कोपऱ्यात एक चिमणी काढायच्या, तीच सही. ती चिमणी कुणाची, हे ठाऊक होतं संपादकांना, मला आणि जस्ताच्या पत्र्यावर चित्राचा ब्लॉक करणाऱ्या शंकरअण्णांना. अण्णा अक्कांची केसासारखी रेघसुद्धा तुटू देत नसत. "हा माणूस आहे म्हणून माझं चित्र लोकांपर्यंत पोचतं रे," अक्का म्हणायच्या.

नाव लपवण्याचं कारण साधं होतं. अक्कांची शाळा नानांच्या संस्थेची. आणि नाना — कसं सांगू? धरणगावजवळच्या आमच्या खेड्यातून मी कॉलेजात गेलो तो नानांमुळे. घरातला पहिला पदवीधर. वसतिगृहात जागा त्यांनी दिली, फी त्यांनी माफ केली. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत बसलो नाही.

एका पावसाळ्यात अक्कांनी चित्र काढलं. गळका वर्ग, भिजणारी पोरं, आणि नाना छत्री धरून उभे — भिंतीवरच्या स्वतःच्याच तसबिरीवर. गावभर हसू झालं. नानांनी मला बोलावलं. चिडले असते, तर मी गप्प राहिलो असतो का? आता काय सांगणार. पण ते हसत होते. चहा मागवला, चित्रातल्या स्वतःच्या ढेरीवर बोट ठेवलं आणि अहिराणीत म्हणाले,

"मनं पोट बरोबर धरं शे बेट्यानी. कोन शे रे हाऊ?"

"हाऊ नाही, नाना. बाई शे," मी म्हणालो.

आणि नाव सांगितलं.

कुणी धमकावलं नव्हतं. माझं काही अडलं नव्हतं. जे नानांना ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे — एवढाच आनंद झाला होता. तेवढ्यासाठी.

दिवाळीनंतर अक्कांची बदली धुळ्याला झाली. वर्तमानपत्रात चित्रं द्यायची नाहीत, अशी ताकीद मिळाली. आणि एक कामही मिळालं — संस्थेच्या प्रत्येक शाळेसाठी नानांचं तैलचित्र. पारोळा, भडगाव, जिथे शाळा तिथे नाना. घरी आजारी आई होती. अक्का रंगवत राहिल्या.

धुळ्याला निघताना त्यांनी विचारलं होतं, "माझं नाव कुणी फोडलं असेल रे?"

"अण्णांनी असेल," मी म्हणालो. इतक्या चटकन, की उत्तर जणू तयारच होतं. पहिल्या वेळी जीभ घसरली म्हणता येईल. या वेळी काय म्हणू?

नव्वदच्या दशकात त्या निवृत्त झाल्या. सत्काराचं भाषण मी केलं, त्यांनीच रंगवलेल्या नानांच्या खाली उभा राहून. "व्यंगचित्रं मागे ठेवून अक्का स्वखुशीनं रंगांकडे वळल्या," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. अक्काही मांडीवरची शाल सावरत माझ्याकडे बघून हसल्या.

शंकरअण्णा सभागृहात नव्हते. निमंत्रणं वाटायचं काम माझ्याकडे होतं. "त्यांना नको देऊस," अक्का म्हणाल्या होत्या. आणि मी "बरं" म्हणालो होतो.