दक्षिणेकडचे बांबू

जावा बेटावर, डेमाकच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात जमीन दर वर्षी थोडी खचते आणि समुद्र तेवढा आत येतो. भर घालघालून घरांच्या जमिनी उंचावल्या गेल्या, छपरे मात्र जागच्या जागी राहिली. त्यामुळे आमच्यातला मच्छीमार वाग्यो स्वतःच्या घरात वाकून शिरत असे. त्याची एकुलती मुलगी विनार्सिह तापाने गेली तेव्हा दफनभूमी कोरडी होती. पुढे तीही पाण्याखाली गेली आणि ज्याने त्याने आपल्या माणसाच्या उशाशी एकेक बांबू रोवला. मासेमारीहून परतताना वाग्यो होडी तिकडे वळवी आणि मुलीच्या बांबूवरचे शेवाळ खरवडून काढी. तो आणि त्याची बायको तुमिनाह एकमेकांना अजूनही ‘पाकने’, ‘बुने’ अशीच हाक मारत. म्हणजे पोरीचा बाप, पोरीची आई.

एका गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट निघाला. तिच्यात जग बुडालेले आहे, उरलेल्या कोरड्या भूमीवर सैन्याचा ताबा आहे आणि मृतांच्या जागा पाण्यातल्या बांबूंवरून ओळखाव्या लागतात. जाकार्ताच्या मंडळींना असे जग उभारण्याचे कष्ट पडले नाहीत. ते सरळ आमच्याकडे आले.

“नायक पळतोय, पाक वाग्यो. मागे सैनिकांच्या होड्या. हा बांबूंमधून सुसाट घुसतो आणि बांबू कडाकड मोडतात!” नेपथ्य सांभाळणारा फाउझान हातवारे करून सांगत होता.

“पुस्तकातही मोडतात?” वाग्योने विचारले.

“नाही हो. पुस्तकात तो होडी थांबवतो, बापासाठी दुआ मागतो. पण थांबलेली होडी बघायला तिकीट कोण काढणार?”

“मग खोटे बांबू रोवा. आमच्यांना हात लावायचा नाही.”

“छे, छे! आम्ही काय राक्षस आहोत?”

“राक्षस कुठं, जाकार्ताचे आहात,” तुमिनाह तव्यावरचा मासा उलटत म्हणाली, आणि फाउझानसकट सगळे हसले.

खोटे बांबू वाग्योनेच तोडले, चिखल फासून जुने केले आणि खऱ्या बांबूंपासून काही अंतरावर, समुद्राच्या बाजूला रोवले. चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी त्याने फाउझानला ‘मास’, म्हणजे दादा, अशी हाक मारून पुन्हा बजावले, “मास, दक्षिणेकडचे आमचे. उत्तरेकडचे तुमचे, ते खुशाल मोडा.”

“दक्षिणेकडचे सोडायचे. पक्कं.”

डावे-उजवे म्हणण्याची आम्हा जावानीजांना सवय नाही. जेवताना मीठसुद्धा आम्ही ताटाच्या पश्चिमेकडून उचलतो. आमचा समुद्र उत्तरेला आहे हे वाग्योने निराळे सांगितले नाही. ते सांगावे लागते असे गावात कुणालाच वाटले नसते. परंतु कादंबरीतले बुडालेले शहर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर होते. कित्येक आठवडे त्या मंडळींच्या नकाशांत आणि तोंडी समुद्र म्हणजे दक्षिण असेच ठरून गेले होते. फाउझानने सूचना जशीच्या तशी पुढे दिली.

वाग्योला सैनिकाचा वेश आणि डोकेभर शिरस्त्राण देऊन पाठलागाच्या होडीत बसवले होते. नायकाची होडी जमिनीकडे वळली तेव्हा तो उभा राहून ओरडला, “तिकडे नको! अरे, तिकडे नको!” यंत्रांच्या आवाजात कुणालाही वेगळे काही वाटले नाही, सैनिक ओरडणारच. बांबू मोडत गेले. मागोमाग तो बसला होता ती होडीही त्यांच्यावरून गेली. दृश्य एका झटक्यात साधले म्हणून टाळ्या पडल्या. ती आरोळी चित्रपटात तशीच आहे.

फाउझान रडत घरी आला. “पाक, माझी चूक झाली. नवे आणतो, सगळेच्या सगळे परत रोवून देतो.”

“कुठं?” वाग्यो म्हणाला.

तुमिनाहने फाउझानला चहा दिला. “पी आणि जा बाबा. तू तरी काय करणार.”

मोडलेले तुकडे भरतीने केव्हाच नेले होते. पुढचे कित्येक दिवस वाग्यो ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाने तळ चाचपत राहिला. थडग्याची लाकडी फळी कुठे लागते का, ते तो पाहत होता. चिखल लागे.

रमजानआधीच्या महिन्यात कबरींवर फुले वाहायला दोघे होडीतून निघाली. मशिदीचा घुमट आणि शाळेचे छप्पर यांच्या खुणांवरून जागा ठरवून वाग्योने नवा बांबू रोवला.

“इथंच का?” तुमिनाहने विचारले.

“इथंच.”

“जरा पूर्वेला होती ना, पाकने?”

त्याने बांबू उपटला आणि पूर्वेला रोवला.

“इतकी नाही. थोडं दक्षिणेला.”

त्याने पुन्हा उपटला. पुन्हा रोवला. पाणी चढू लागले तशी माती बांबू धरीना, शेवटी तो पाण्यात उतरून दोन्ही हातांनी बांबू धरून उभा राहिला आणि म्हणाला, “बुने, मला ठाऊक नाही गं. खरंच ठाऊक नाही.”

“मला तरी कुठं ठाऊक आहे?” ती म्हणाली. “उभे राहा तसेच. तुम्ही आहात तिथंच वाहते.”

आणि तिने फुलांची परडी त्याच्याभोवती पाण्यात रिकामी केली.