सोनाबाईचा धवला, अंगणापलीकडून

आमच्या कळंबच्या बाजूला लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, पण धवलारीण वेळेवर हवी. हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तीच म्हणते. आमच्या आळीची धवलारीण सोनाबाई. हळू बोलणं तिला ठाऊकच नाही. तिने कुणाच्या कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या आळीत आधी पोचतं.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या थोरल्या भावाच्या, धाकलूबाबांच्या नातीचं, सुप्रियाचं, लग्न ठरलं. बाबांना जुना दमा. तरी बहिणीच्या धवल्याशिवाय सुप्रियाला हळद लागू द्यायची नाही, असा त्यांचा हट्ट. आणि सोनाबाई आज या मांडवात, उद्या त्या! कुठून काय घेऊन येईल, याची सगळ्यांना धास्ती.

सुरेखा आमच्या गावची आशाताई, घरोघर फिरणारी आरोग्यसेविका. ती म्हणाली, "आत्या, नुसता श्वास सोडला तरी तोंडातून बारीक थेंब उडतात. बोललं की जास्त, आन् मोठ्यानं गायलं की त्याहून जास्त. तुमचं तर इचारूच नका."

"माझ्या गल्यात देवी हाय, थुकी नाय!" सोनाबाई भडकली.

सुरेखाही वस्ताद. तिने सोनाबाईला तिच्याच माजघरात नेलं. काचेच्या कौलातून उन्हाचा पट्टा खाली येत होता. "याच्यात गा," म्हणाली आणि स्वतः तोंड बांधून दारात थांबली. सोनाबाई आधी गुणगुणली. काहीच दिसलं नाही. मग तिने खडा सूर लावला, तसे उन्हात तुषार चमकले.

"हे खाली पडतात," सुरेखा म्हणाली. "दिसत नायत ते हवेत तरंगत राहतात. भीती त्यांची."

सोनाबाई उन्हाच्या पट्ट्यातून मागे सरली. "म्हंजे एवढी वरसं मी नवऱ्यांच्या हळदीत..." आणि पोट धरून हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरले. "दादाला माझ्यामुलं काय झालं तर गं?"

हळदीच्या दिवशी तिने मास्क लावून पाहिला. दर श्वासाला तो तोंडात जायचा आणि आवाज रांजणातून आल्यासारखा यायचा. शेवटी तिने तो काढला, तरातरा अंगण ओलांडलं आणि पेंढ्याच्या उडवीपाशी जाऊन वळली.

"नवरीला अंगणात आना! दादाला खिडकीत बशीवा! देव काय बहिरा नाय!"

आणि तिने धवला उचलला. एरवी तिला साथ देणाऱ्या बाया मांडीला मांडी लावून बसतात. त्या दिवशी एकीने समोरच्या ओटीवरून ओळ झेलली, दुसरीने विहिरीजवळून. बघता बघता अख्खी आळी गाऊ लागली. मला रडू आलं, लपवायचं कशाला!

धवला संपला, तसे खिडकीतून धाकलूबाबा ओरडले, "सोने, सूर उतरला गं तुझा!"

"उतरला तरी आईकू आला ना?" उडवीपासून तितक्याच मोठ्यानं उत्तर आलं. "मंग गप बस, दादा, आन् जित्ता रा! तुझ्या धाकट्या नातीच्या लग्नाला मी तुझ्या शेजारी बसून गानार हाय!"