पाहुण्याला दाखवलं का?

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझ्या बायकोला वाटतं. बारावीला किती आपटलो ते, लग्नाआधी कुणाच्या मागे होतो ते, सोडली म्हणून सांगितलेली सिगारेट कुठल्या टपरीवर ओढतो तेसुद्धा. हे मात्र तिला माहीत नाही. कुणालाच नाही. आता लिहायला बसलोय तर दोनदा उठून पाणी पिऊन आलो — आणि गोष्ट कसली, तर एका ब्राउझरची. हसू आलं तर हसा. सुरुवातीला आम्हीही हसलोच होतो.

दादरला, मार्केटच्या मागच्या एका जुन्या इमारतीत आमचं ऑफिस होतं. शिरीष सर मालक. वेबसाइट बनवणारे आम्ही दोघं — मी लालबागचा, आणि लिनेट गिरगावची. लिनेट ईस्ट इंडियन ख्रिश्चन, म्हणजे मुंबईची मूळचीच, आमच्या आजोबांच्या आधीपासूनची. कामं छोटी असायची. क्लासेस, दातांचे डॉक्टर, एखादा केटरर. मग एका वधू-वर मंडळाचं काम आलं. मंडळ एक काकू चालवायच्या, फायलींवर चाललेला सगळा कारभार त्यांना वेबसाइटवर आणायचा होता.

आता गंमत अशी झाली की आम्ही दिवसभर ती वेबसाइट उघडून तपासायचो, आणि आमचा रोजचा ब्राउझर ते सगळं लक्षात ठेवून जाहिरातवाल्यांना कळवायचा. शिरीष सर पंचेचाळिशीचे, बिनलग्नाचे. त्यांच्या फोनवर शालू, हॉल, फेटेवाले यायला लागले. एकदा त्यांच्या आईने ते बघितलं आणि शेजारी जाऊन सांगून आली की आमच्या शिरीषचं काहीतरी जमतंय. आठवडाभर आम्ही सरांना छळलं.

लिनेट मात्र हसता हसता गप्प झाली. म्हणाली, "मंगेश, ही लोकांच्या घरातली गोष्ट आहे रे. कोणाचं लग्न मोडलंय, कोण दुसऱ्यांदा करतंय. आपण टेस्ट करणार आणि ते तिसऱ्याला कळणार? आपल्याला दुसरा ब्राउझर पाहिजे. कामापुरता. जो काही लक्षात ठेवत नाही."

मग निवडीचं सुरू झालं. मीही एक सुचवला — वेगवान, दिसायला छान, मी घरी वापरत होतो. लिनेटने तो चालवून बघितला आणि सरांच्या समोर म्हणाली, "अरे, ह्याच्या आतलं इंजिन आपल्या रोजच्याचंच आहे. तोच माणूस शर्ट बदलून आला." सर खो खो हसले. मीही हसलो. पण लागलं मला ते. एवढंसं बोलणं — कुणाला लागावं का? मला लागलं.

तिने निवडलेला वेगळ्या इंजिनाचा होता. बंद केला की सगळं विसरायचा. पाठलाग करणाऱ्या जाहिराती अडवायचा, खातं उघड म्हणून मागे लागायचा नाही, आणि आमच्या रडतखडत चालणाऱ्या मशीनवरही चालायचा. लिनेटने त्याचं नाव ठेवलं पाहुणा. रोजचा ब्राउझर म्हणजे घरचा माणूस, त्याला सगळी दारं उघडी. पाहुण्याला घर माहीत नाही, म्हणून बाहेरच्याला जेवढं दिसतं तेवढंच त्याला दिसणार. नियम ठरला — कुठलीही वेबसाइट लोकांना देण्याआधी पाहुण्याला दाखवायची. घरातून निघताना गॅस बंद केला का विचारतात तसं आम्ही एकमेकांना विचारायचो, पाहुण्याला दाखवलं का?

थोडक्यात सांगायचं होतं, लांबतंय. मुद्द्याशी आलं की मी वळसा घेतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

काकूंना वेबसाइट दसऱ्याला सुरू करायची होती, गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तावर. आणि अगदी शेवटी त्यांनी पुनर्विवाहाचा वेगळा विभाग वाढवून मागितला. तो मी केला. एकट्याने, घाईत. नियम साधा होता — सभासद म्हणून आत आल्याशिवाय कुणाचं पान बाहेरच्याला दिसता कामा नये. बाकीच्या विभागांना तसं कुलूप होतं. ह्या नव्या विभागाला ते लावायचं माझ्याकडून राहिलं.

राहतं. कुणाचंही राहील. ते मी चूक म्हणून कधीच कबूल केलं असतं. ते लपवायचं कारण नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी ऑफिसात काकू नऊवारी नेसून आल्या. मॉनिटरला झेंडूचा हार घातला, माउसला कुंकू लावलं. मी मशीनवर बसलेलो. माझ्या रोजच्या ब्राउझरमध्ये सगळी पानं व्यवस्थित उघडत होती — उघडणारच, त्याच्या लेखी मी त्या साइटचा कारभारी होतो. कुलूप आहे की नाही हे कारभाऱ्याला कसं कळणार? लिनेट दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी होती. तिने विचारलं, "मंगेश, पाहुण्याला दाखवलं का?"

मी म्हटलं, "हो, दाखवलं."

नव्हतं दाखवलं. पाहुणा मी उघडलाच नव्हता. त्या दिवशी नाही, आणि — हे लिहिणं जास्त जड जातंय — त्याआधीही कित्येक दिवस नाही. पहिल्या काही वेळा उघडला असेन. मग सोडून दिला, आणि दर वेळी हो म्हणत राहिलो. वेळ नव्हता? दोन मिनिटांचं काम. विसरलो? मुळीच नाही. तो उघडला की मला लिनेटचं ते शर्टाचं बोलणं आठवायचं आणि सरांचं हसणं. तिचा ब्राउझर वापरला म्हणजे तिचं बरोबर होतं असं झालं असतं. बस, एवढंच. एवढ्यासाठी.

काकूंनी नारळ फोडला, मी बटण दाबलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्मिताताई ऑफिसात आल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. परळच्या एका दवाखान्यात त्या काउंटरवर बसायच्या. घटस्फोट झालेला, काळाचौकीला मुलीबरोबर भाड्याने राहायच्या. मुलगी सई, आठवीतली. काकू त्यांना घेऊन आल्या होत्या, आणि काकूंसारखी बोलकी बाई त्या दिवशी खाली मान घालून बसली होती.

झालं होतं असं की सईने मैत्रिणीबरोबर बसून, मुलं करतात तसं, गंमत म्हणून आईचं नाव फोनवर शोधलं. पहिलंच आमचं पान आलं. फोटो, वय, नोकरी, आणि खाली एक ओळ — मुलीची जबाबदारी नाही, मुलगी आजी-आजोबांकडे राहील.

ती ओळ काकू सगळ्याच बायकांना लिहायला सांगायच्या. मूल बरोबर येणार म्हटलं की स्थळंच येत नाहीत, आधी लिहून टाका, माणूस चांगला निघाला की मग बोलता येतं — असा त्यांचा हिशेब. स्मिताताईंनी म्हणून लिहिली. मुलीला सोडून राहायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण मुलीने ती वाचली, मैत्रिणीच्या शेजारी बसून.

"भांडली असती तर बरं झालं असतं हो," स्मिताताई म्हणाल्या. "दप्तर भरलं, कपडे भरले. म्हणाली, मला आजीकडेच राहायचंय ना, मग आत्ताच जाते. वरळीला गेली माझ्या आईकडे, बीडीडी चाळीत. मी रोज जाते. ती अभ्यासाला बसते. माझ्याकडे बघत नाही."

काकूंचा आधी फोन आला तेव्हाच मी ते पान बंद केलं होतं, पण आता त्याचा काय उपयोग? मग त्यांनी एकेकाकडे बघत विचारलं, "हे लोकांना उघडं करण्याआधी कोणी बघितलं होतं का? मला फक्त तेवढंच कळू दे."

हा प्रश्न मला होता. तेव्हा सांगता आलं असतं. नोकरी गेली असती फार तर. आणि तोंडातून काय बाहेर पडलं बघा. "हो ताई, मी बघितलं होतं. कुलूप दिसत होतं. आम्ही तपासायला एक वेगळा ब्राउझर घेतलाय, तो बऱ्याच गोष्टी अडवतो. त्याने ते पान अडवलं असणार, आणि मला वाटलं कुलूप आहे."

आधी ठरवलेलं नव्हतं. पण इतकं सहज आलं की मीच घाबरलो. ऐकायला खरं वाटत होतं. अडवणारा ब्राउझर आहे, अडवलं असेल — सरांना पटलं, काकूंना पटलं. आणि लिनेटला पटलं. मला वाटलं होतं ती संशयाने बघेल. तिने बघितलं ते मला आधार द्यावा तसं. मग उठून स्मिताताईंसमोर हात जोडून म्हणाली, "तो ब्राउझर मी आणलेला, ताई. हे दोघं नको म्हणत होते. माझं चुकलं."

दोघं नको म्हणत होते. सरांना तर त्यातलं काही कळतही नव्हतं. नको म्हणत होतो तो मी, आणि त्याचंही तिने मला वर श्रेय दिलं.

नंतर ती दिवसच्या दिवस तेच पान पाहुण्यात उघडून बसायची. कुलूप काढून बघायची, लावून बघायची. "मला तर उघडंच दिसतंय रे," म्हणायची. "तुला बंद कसं दिसलं?" मी मागे बसून घाम पुसायचो. एकदा म्हटलं, "मधे अपडेट झाला असेल." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, हो, असेल. संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या मशीनवरून पाहुणा काढून टाकला. सरांनी माझा आवडता बसवायला सांगितला. म्हणजे शेवटी मीच जिंकलो, असं म्हणायचं.

लिनेट तिथेच थांबली नाही. ती स्मिताताईंबरोबर वरळीला गेली, सईसमोर बसली, तिला म्हणाली की तुझी आई असं कधी करणार नव्हती, आणि तुला ते दिसलं ती चूक माझी. सईने ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. हे लिनेटने मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. मी बिस्किट बुडवत होतो. मला आठवतंय, ते चहात पडलं आणि मी चमच्याने काढत बसलो, वर बघावं लागू नये म्हणून.

ते ऑफिस आता नाही. मी परळला भाड्याच्या टेबलावर स्वतःची कामं करतो. पाहुणा रोज वापरतो, आधी त्यालाच दाखवतो, त्याने मला आजवर एकदाही चुकीचं दाखवलेलं नाही. लिनेट लोअर परळला मोठ्या कंपनीत आहे. हाताखालच्या मुलांना ती आमची गोष्ट सांगते — ह्या ब्राउझरवर विसंबू नका, एका बाईचं घर मोडलं. मुलं लिहून घेतात म्हणे. त्यांच्यातल्या एखाद्याने उद्या पाहुण्याची जुनी आवृत्ती उतरवून त्यात तसं बिनकुलपाचं पान उघडून बघितलं तर? तिचा फोन आला की पहिल्यांदा हेच मनात येतं. कळलं वाटतं. मग ती नाताळच्या फराळातल्या कुलकुल्यांबद्दल बोलते, आणि माझा जीव भांड्यात पडतो. दर वर्षी ती डबा पाठवते. मी खातो.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. परळला तिला स्मिताताई भेटल्या होत्या. त्यांनी लग्नाचं नाव पुन्हा काढलं नाही. सई कॉलेजात गेली, अजून वरळीलाच राहते. बोलते आईशी, सणाला घरी येते, जेवते — आणि जाते. स्मिताताई हसून म्हणाल्या म्हणे, पाहुण्यासारखी येते हो.

लिनेट फोनवर रडायला लागली. "मी तो आणलाच नसता तर, मंगेश?"

मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हेतू चांगला होता. चूक कुणाकडूनही होते." आवाजही मऊ केला होता.

ती नाक ओढत म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं वाटतं रे. एवढं झालं, पण तू एकदा पण मला दोष दिला नाहीस. थँक्स."

मी म्हटलं, "वेडी आहेस का," आणि तिचा थँक्स घेतला.