सेलचं सालपट

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायला बसलो की कुणीतरी मागून वाचतंय असं वाटतं आणि हात अडखळतो. चार्ज होणाऱ्या सेलवरचं पातळ प्लॅस्टिक हा काही लिहिण्याजोगा विषय नाही, हेही मला कळतं. जाणत्यांनी माफ करावं. पण त्या प्लॅस्टिकपायी आमच्या घरात जे झालं ते दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून धीर करतो आहे.

आमचं शेत भवानीनगरच्या पुढं, इंदापूर तालुक्यात. वडील साखर कारखान्यात पाळीवर असतात. ऊस त्यांचा, भेंडीचा तुकडा आईचा. भेंडी उन्हं वर यायच्या आत तोडावी लागते. ऊन चढलं की अंगाला जास्त खाजते, आणि बारामतीच्या बाजाराला जाणारी पहिली गाडी चुकली की मागच्या मालाला कुणी विचारत नाही. म्हणून मी आईला डोक्याला बांधायची बॅटरी आणून दिली होती. आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात, आणि तिच्या आत बसतो तो सेल. एक सेल बॅटरीत, एक जादा खिशात, आणि आणखी तीन-चार घरात. साडीवर वडिलांचा जुना शर्ट घालून आई अंधारातच भेंडीत शिरायची. "आता सापबी दिसतो आन भेंडीबी," म्हणायची.

यंदाच्या उन्हाळ्यात एका पहाटे तो खिशातला सेल तापला. आईनं शर्ट ओढून काढून सरीत फेकला तोवर खिशाला भोक पडलं होतं आणि तिच्या बरगडीवर मोठा फोड आला होता. मी बारामतीला खोली घेऊन राहतो. धावत घरी आलो तेव्हा शेजारची चुलती आईला हळद लावत होती.

"काय रं, शाळा शिकून आईला फटाकडं आणून दिलंस व्हय?" ती म्हणाली.

आई मात्र शांतपणे म्हणाली, "ती बॅटरी घिऊन जा तुझ्या खोलीवर. मला न्हाय लागत."

बॅटरी मी नेली नाही, घरातच खुंटीला राहिली. मग आई उजाडल्यावर तोडायला जाऊ लागली. पहिली गाडी रोज चुकायची. दोन-चार दिवसांनी वडील जेवताना म्हणाले, "पावसाळ्यात तितंबी ऊसच लावू. कशाला जिवाला घोर." आईनं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. तो तुकडा गेला तर तिचं स्वतःचं असं शेतात काहीच उरणार नव्हतं. त्या ताटाकडं बघून मी ठरवलं की हे का झालं ते शोधायचंच.

मोबाइलवर शोधलं तर गंमत वाटली. या सेलच्या आवरणाविषयी सगळ्यात जास्त लिहिलंय ते विजेची सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. तिच्यावर आपल्याकडं बंदी आहे, मी ती कधी पाहिलेलीही नाही. पण तिच्यात हाच सेल बसतो, आणि ती माणसं त्याच्या सालपटाला फार जपतात. वाचून कळलं ते असं. सेलचा सगळा पत्रा म्हणजे त्याची उणे बाजू. अधिक बाजू फक्त वरचं टोक. त्या टोकाच्या कडेला दोन्ही बाजूंच्या मध्ये एक बारीक चकती आणि हे आवरण, एवढंच. कडेचं आवरण गेलं की एखादी किल्ली दोन्हींना एकदम टेकू शकते, आणि टेकली की शॉर्ट होऊन सेल तापतो. आईच्या खिशात शेतावरच्या खोलीची किल्ली होती.

पण आवरण गेलं कशानं? घट्ट खोबणीत घालता-काढताना घासून जातं, स्प्रिंगच्या टोकानं फाटतं, नखानं उचकटताना निघतं, असं लिहिलं होतं. मी घरातले बाकीचे सेल समोर मांडून बसलो. त्यांच्यावर ओरखडे फार नव्हते. आवरण दोन्ही टोकांकडून आत ओढलं गेलं होतं, धुतल्यावर आटलेल्या बाहीसारखं, आणि कडेला तडकलं होतं. हे घासण्याचं काम नव्हतं. चुलतीकडंही अशीच बॅटरी आहे. तिचे सेल मागून आणून बघितले तर ते नव्यासारखे. मग आमच्याच घरात काय होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्याच्या पत्र्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी आमचे सेल ओळीनं मांडलेले.

आजोबांना घरात सगळेच आबा म्हणतात. "आबा, हे कुणी ठेवलं?"

"मीच की. रोज ठिवतो. उन्हानं सेलात जीव येतो."

"हे तसले सेल न्हाईत, आबा. उन्हानं ह्यांचं साल आटतंय."

"माझा रेडिओ उन्हात ठिवलेल्या सेलांवर चालला. तवा तुझा बाप चड्डीत हुता. तुझ्या कॉलेजात सूर्यालाबी नापास करत्यात का?"

आई दारात उभी होती. ती हसली. फोड आल्यापासून पहिल्यांदाच. पण मी तिच्याकडं बघितल्यावर म्हणाली, "माझ्याकडं बघू नगंस. चटका मला बसलाय, पुस्तकाला न्हाय. दाखीव, मग बोल."

आबांचं अगदीच चूक नव्हतं. जुन्या सेलांना ऊब मिळाली की ते थोडा वेळ तग धरायचे. पण हे मी तेव्हा बोललो नाही, नाहीतर वाद वाढला असता. बारामतीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी दोन निकामी सेलांचं उरलंसुरलं चार्जिंग संपवून घेतलं आणि त्यांच्यावर एकसारखी नवी आवरणं चढवून घेतली. ती नळी गरम हवेनंच आटून सेलवर बसते. ते बघताना लक्षात आलं की आमचा पत्रा दुपारी तेच काम रोज थोडं थोडं करत होता. चांगल्या सेलांनाही नवी आवरणं घातली आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवून ती आईजवळ दिली.

निकामी दोघांपैकी एक सेल आबांनी रोज पत्र्यावर ठेवायचा, दुसरा आईनं फडताळात, असं ठरलं. दोघांनाही बॅटरीत बसवायचं नाही, खिशात घालायचं नाही. मिरच्यांपासूनही लांब. आबांनी अट घातली, "मी हरलो तर गावात सांगायचं न्हाय." मी होय म्हटलं.

मग माझी परीक्षा आली. घरून फोन यायचे, पण आई फक्त जेवलास का विचारायची. सेलचं विचारलं की म्हणायची, "आबांना ईचार." आबा म्हणायचे, "अजून ऊन कुठं पडलंय?" बाहेर तर डांबर वितळत होतं. पेपर लिहिताना मला दोन सेल दिसायचे. मी चुकलो असेन तर तो तुकडा गेला, असंच वाटायचं.

शेवटच्या पेपराच्या सकाळी खोलीतून निघताना फोन वाजला. आबा होते. आबा आपण होऊन कधी फोन करत नाहीत. मी पायरीवरच बसलो.

"ऐक. पत्र्यावरचा सोलला. वरनं पार गळ्यापत्तुर. फडताळातला हाय तसा."

"मग आई काय म्हणाली?"

"म्हनंल काय? दोन्ही हातात धरून बघिटलं, मला दावलं, आन पुन्यांदा बघिटलं. आरं, आज पहाटं ती बॅटरी बांधून भेंडीत गेली. डबी कंबरंला. तुझा बाप पाट्या वाहत हुता मागं. पहिल्या गाडीला माल गेला, पोरा. पहिल्या गाडीला."