सोनारीच्या माकडाचं पुढं काय झालं?

आमच्याकडे किस्से साठण्याचं कारण अगदी सरळ आहे. आमचा हास्य क्लब आहे. रोज सकाळी धाराशिवच्या एका मैदानावर आम्ही पन्नाशी-साठीची माणसं गोल उभी राहून काहीही कारण नसताना हसतो. त्यानंतर खरोखर हसण्यासारखं काही घडलं, तर तोवर जबडे दुखायला लागलेले असतात. मग तो किस्सा उद्यावर टाकावा लागतो. असे उद्यावर टाकलेले किस्से आता इतके झालेत की ठेवायला जागा नाही!

आज त्यातले एकाच संध्याकाळचे सांगते. आम्ही अख्खा क्लब स्टँडअप कॉमेडीचा लाइव्ह शो बघायला गेलो होतो, त्या संध्याकाळचे. पण त्याआधी माणसं माहीत पाहिजेत.

*

आमचे लीडर माने गुरुजी. रिटायर्ड पी.टी. टीचर. गुरुजी रिटायर झाले, गळ्यातली शिट्टी झाली नाही. शिट्टी वाजली की हसायचं, परत वाजली की थांबायचं. ताक घुसळल्यासारखे हात करून हसायचं ते ताक हास्य. कानाला मोबाईल लावल्यासारखं करून हसायचं ते मोबाईल हास्य. जीभ बाहेर काढून, पंजे उगारून गर्जना करायची ते सिंह हास्य.

एकदा थांबायची शिट्टी वाजली तरी स्वामीकाकूंना हसू आवरेना. या काकू उमरग्याकडच्या, स्वभावानं खुशालचेंडू, पिशवीत कायम धपाट्यांचा डबा. त्या दिवशी समोरच्याची चप्पल उलटी घातलेली त्यांना दिसली होती. त्या आपल्या हसतायत, हसतायत.

गुरुजी कडाडले, "कोण हसतंय ते विनाकारण?"

*

दुसरं माणूस आक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई.

येरमाळ्याला हायवेवर दादांचं, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचं, पंक्चरचं दुकान होतं. दादांकडे अख्ख्या आयुष्यात एकच किस्सा होता, आणि तो ते येईल त्याला सांगायचे.

"एकदा आमी सोनारीला गेलतो. संगट मामा. मामानं तोंड धुवायला कवळी काढून कट्ट्यावर ठिवली. आलं की माकड! कवळी उचलली, चढलं झाडावर, घातली तोंडात, आन् मामाकडं बघून..."

बस्स. इथपर्यंत आलं की दादांना हसू फुटायचं. पोट धरून खाली बसायचे, डोळ्यांतून पाणी वाहायचं. लग्नात सांगितला, बारशात सांगितला, जॅकवर गाडी चढवता चढवता सांगितला. एकदाही पुढं गेला नाही! ट्रकवाले पंक्चर काढून झाल्यावरसुद्धा शेवट ऐकायला थांबून राहायचे. मामा केव्हाच देवाघरी गेले, त्यामुळे तिकडून कळायची सोय नव्हती.

पण दादांनी बाहेर "एकदा आमी सोनारीला" एवढं म्हटलं, की आत स्वयंपाकघरात आक्का हसायला लागायच्या. काय ते हसणं! तीन घरं ओलांडून जायचं. शेवट त्यांना ठाऊक असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण नवरा-बायकोतलं कोण विचारणार?

दादा गेले आणि ते हसू बंद झालं. आक्का आमच्याकडे राहायला आल्या. बोलायच्या, भाजी निवडायच्या, देवळात जायच्या. फक्त हसायच्या नाहीत. मला घरात ते लई खुपायचं. त्यांनी एकदा तरी मोकळं हसावं, यापलीकडे मी देवाकडे त्या काळात काही मागितलं नाही. शेवटी मीच त्यांना ओढून क्लबात नेलं.

पहिल्या दिवशी शिट्टी वाजली. सगळे खदाखदा हसले. आक्का नुसते हात वर करून उभ्या. चेहऱ्यावर काही नाही. गुरुजी तरातरा आमच्याकडे आले. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी आक्कांकडे नीट बघितलं, आणि वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "ताईंचं मौन हास्य चालू आहे. कुणी डिस्टर्ब करायचं नाही!"

त्या दिवसापासून आक्कांना कुणी एक शब्द विचारला नाही. गुरुजींच्या शिट्टीनं माझे कान किटतात, पण त्या एका वाक्यासाठी मी त्यांना जन्मभर हात जोडीन.

*

शोची बातमी आणली शेखचाचांनी. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. पुण्याहून विशाल नावाचा कॉमेडियन येतोय, स्टँडअप आहे, असं त्यांनी सांगितलं.

गुरुजींनी विचारलं, "म्हणजे तो उभा राहणार आणि आपण बसून हसायचं?"

"हव."

"चूक आहे. बसून हसलं की पोटावर दाब येतो. शिट्टी कोण मारणार?"

"शिट्टी नहीं रहती गुरुजी," चाचा म्हणाले. "उनो बोलते जाता. हसना, नहीं हसना, अपनी मर्जी."

मर्जीनं हसायचं, ही कल्पनाच गुरुजींना झेपेना. बराच वेळ ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "जाऊन बघू. पण शिट्टी मी नेणार."

आक्का म्हणाल्या, "मला कशाला नेताव? मी तिथं तोंड पाडून बसंन, त्या लेकराला वाईट वाटंल."

"ताई, तुम्ही चला," गुरुजी म्हणाले. "तिथंही मौन चालतं. मी सांगतो त्यांना."

*

दारातच आयोजक पोरांनी बजावलं, "काका, पहिल्या रांगेत बसू नका. तो पुढच्यांचीच खेचतो."

गुरुजी म्हणाले, "आमच्या वयाची माणसं मागं बसली तर लोक आयोजकांना नावं ठेवतील." आणि आम्ही अख्खी पहिली रांग अडवून बसलो. स्वामीकाकूंनी लगेच डबा उघडला. शो सुरू व्हायच्या आधी धपाट्यांचा वास बाल्कनीत पोचला होता.

आता आपल्याकडे सत्काराशिवाय कुठला कार्यक्रम सुरू होतो का? लाइट गेले, धडाड धडाड म्युझिक वाजलं, रंगीत उजेडात विशाल पळत पळत स्टेजवर आला, "हॅलो धाराशिव!" म्हणून ओरडला, आणि बघतो तर शेजारी माने गुरुजी! हातात शाल आणि नारळ!

पोरगं सज्जन. वाकून शाल घेतली, नारळ घेतला. गुरुजींनी माईकही काढून घेतला, परिचय करून द्यायला. पाहुण्याची काही माहिती नव्हती, पण परिचय तर द्यायलाच पाहिजे.

"आजचे प्रमुख पाहुणे," गुरुजी म्हणाले आणि थांबले. "हे... विनोदी आहेत. तरी सर्वांनी शांतता राखावी."

संध्याकाळचा पहिला हशा गुरुजींनी घेतला. त्यांना तो कशाला पडला ते अजून कळलेलं नाही.

विशालची मात्र पंचाईत झाली. स्टेजवर टेबल नाही. एका उंच स्टुलावर नारळ ठेवला, तो गडगडला. खाली ठेवावा तर सत्काराचा नारळ! शेवटी अंगावर शाल, एका हातात माईक, काखेत नारळ, अशा अवतारात त्यानं शो सुरू केला.

*

सुरुवातीला तो पुण्याचं सांगत होता. फ्लॅटमधला पार्टनर, जिम, डेटिंग ॲप. हॉलमध्ये सगळी घरची माणसं बसलेली. सासरा शेजारी असताना डेटिंग ॲपवर सून कशी हसणार? सगळीकडे सन्नाटा. विशालच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

गुरुजींना शांतता सहन होत नाही. ते खुर्चीत चुळबुळ करत होते. तेवढ्यात विशाल एका वाक्याच्या मधे जरासा थांबला.

फुर्र्र्र!

"सिंह हास्य!"

सवय फार वाईट. आमची अख्खी रांग ताडकन उभी राहिली. जिभा बाहेर, पंजे वर, आणि हॉल हादरेल अशी गर्जना! विशाल दोन पावलं मागं सरकला आणि नारळ छातीशी धरला. परत शिट्टी वाजली, आम्ही खाली बसलो. सगळीकडे चिडीचूप.

विशाल हळूच म्हणाला, "काका... जोक अजून संपला नव्हता."

"संपल्यावर परत हसू," गुरुजी म्हणाले. "त्यात काय!"

*

यावर हॉल जो फुटला, तो फुटलाच. विशालही हसायला लागला. मग तो स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला आणि म्हणाला, "जाऊ द्या पुणं. मी मूळचा इथलाच हाय. परंड्याकडचा, सोनारीचा."

टाळ्या! आता पोरगं आपल्या बोलीवर आलं आणि एकदम मोकळं झालं. लग्न झालेल्यांनी हात वर करा म्हणाला. शेखचाचांनी दोन्ही हात वर केले.

"चाचा, चाचींना न्हाय आणलं व्हय?"

"बोला था बेटा," चाचा उभं राहून म्हणाले. "उनो बोली, तुम जाव हसने को. तुम गये तो मय घर में हसती."

विशालनं शेजारी नारळ ठेवला आणि चाचांना सॅल्यूट केला. नारळ परत गडगडला, परत धरला.

*

त्यानंतर तो सोनारीच्या माकडांवर आला.

"आमच्या गावात माकडं जुनी हायेत, माणसं नंतर आली. शाळेत निघालो की दुसऱ्यांच्या आया म्हणायच्या, डबा सांभाळ. माझी आई म्हणायची, माकडानं मागितला तर देऊन टाक, उगं भांडू नको, तुला त्याच गावात राहायचंय."

लोक मनापासून हसत होते. शिट्टीशिवाय! माझं मात्र लक्ष शोमधून उडालं होतं. सोनारी आणि माकड हे शब्द कानावर पडले आणि मी मान वळवली. शेजारी आक्का ताठ बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. वाटलं, कशाला आणलं मी यांना? हसवायला घेऊन आले आणि जखमेवरची खपली काढून बसले.

आणि नेमकं विशालचं लक्ष त्यांच्याकडे गेलं.

"आज्जी, सगळे हसायलेत. तुमीच का गप हाव? माकडानं तुमचं काय नेलंय का?"

गुरुजी झटकन उभे राहिले. "अहो, ताईंचं मौन..."

आक्कांनी हात करून त्यांना खाली बसवलं, आणि तोच हात माईकसाठी पुढं केला. विशालनं खाली उतरून माईक दिला.

"माझं न्हाय," आक्का म्हणाल्या. "मामाचं नेलतं."

मी स्वामीकाकूंचा हात धरला.

"एकदा आमचे हे सोनारीला गेलते. संगट मामा."

तोच किस्सा. जिथं दादा थांबायचे तिथं थांबत, जिथं हात उडवायचे तिथं हात उडवत. "मामानं तोंड धुवायला कवळी काढून कट्ट्यावर ठिवली. आलं की माकड! कवळी उचलली, चढलं झाडावर, घातली तोंडात, आन् मामाकडं बघून..."

आक्का थांबल्या. मान खाली गेली. खांदे हलायला लागले. मी उठणार, त्यांना धरणार, तेवढ्यात स्पीकरमधून तो आवाज आला. तीन घरं ओलांडणारा! आणि आज तर हातात माईक होता!

आक्का हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, अगदी दादांसारख्या. "आन् मामाकडं बघून..." म्हणायच्या आणि परत फुटायच्या. "आज्जी, पुढं! पुढं काय झालं?" हॉल ओरडत होता आणि ओरडता ओरडता हसत होता. विशाल नारळाला मिठी मारून स्टेजला टेकला होता. चाचा डोळे पुसत होते. स्वामीकाकू हसत हसत कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या. आणि माने गुरुजी! तोंडातली शिट्टी निसटून गळ्यात लोंबत होती, आणि गुरुजी हसत होते. विनाकारण.

शेवट काही कुणाला कळला नाही. जरा शांत झाल्यावर विशालनं अंगावरची शाल काढून आक्कांच्या खांद्यावर घातली, नारळ त्यांच्या ओटीत ठेवला आणि पाया पडला. "ह्याच्यापुढं मी काय बोलू?" म्हणाला, आणि शो तिथंच संपला.

मी रडले, सगळ्यांदेखत. त्या पोराचे, गुरुजींचे, आमच्या त्या वेड्या क्लबाचे उपकार मी कसे फेडणार? ते माकड कुठं असेल तिथं, त्यालाही माझा नमस्कार.

घरी जाताना ऑटोत आक्का शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. मधूनच खुदकन हसत होत्या. मग मी धीर केला, आणि अख्ख्या येरमाळ्यानं इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारून टाकलं.

"आक्का, आता तरी सांगा. मामाकडं बघून माकडानं काय केलं?"

आक्कांनी डोळे पुसले.

"मला काय म्हाईत बाई? त्यांनी मला तरी कुठं पुढचं सांगितलं!"