माझ्या उजव्या पायाची सरकारदरबारी नोंदणी

हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही हसणारच. तेव्हा आधी चहा संपवा, उगाच ठसका लागेल.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण निघते, असं लोक मानतात. मी पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरेटवाला. हे सगळं थोतांड आहे, यावर भाषणं दिलेली! पण लोणखेड्यात शेजारी वाकडा होऊन दारात उभा राहिला की भाषण सुचतं का? मी गुपचूप पाय लावतो. आणि बरं वाटतं हो त्यांना! का वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही.

तर एका सकाळी टेबलावर कागद दिसला. टाइप केलेला, खाली गोल शिक्का. 'ज्यांच्या अंगी जन्मतः असामान्य शक्ती आहे, त्यांनी सात दिवसांत नोंदणी करावी. शक्ती लपवणाऱ्यास अटक होईल. शेजाऱ्यांनी अशा व्यक्तींची माहिती द्यावी.'

मला घाम फुटला. अंधश्रद्धेविरुद्ध कायदा आहे, हे मला ठाऊक होतं. त्यातलाच हा नवा नियम असणार! या वयात अटक? आणि माझी ती भाषणं?

तेवढ्यात शेजारचे किराणावाले शांतिलालशेठ आले. कमरेत पार वाकलेले.

"सर, कंबर धराई गयी. जरा पाय लावा ना."

"शेठ, नोंदणी झाल्याशिवाय पाय उचलणार नाही."

"कसानी नोंदणी?"

"पायाची. खरं सांगा, माझं नाव तुम्हीच कळवलंत ना?"

शेठ खालूनच माझ्याकडे बघत राहिले. "सर, तुम्हनी तब्येत बरी शे ना?"

बिचारे वाकलेलेच परत गेले.

मी अर्ज लिहायला बसलो. शक्तीचा प्रकार: पाय, उजवा. पुरावा: दाई हयात नसल्याने प्रतिज्ञापत्र जोडले आहे. शक्तीबाबत अर्जदाराचे मत: साशंक. तीन प्रती, फोटो, आणि रिक्षाने थेट शहाद्याची तहसील कचेरी.

तिथल्या बाबूने अर्ज दोनदा वाचला. मग नोटीस वाचली.

"नाना, हाई कागद कोनी दिना?"

"घरी आला."

"खाले देखा बरं, काय लिखेल शे?"

चष्मा पुसून पाहिलं. शिक्क्याखाली बारीक अक्षरांत होतं: पान सात, चौकट तीन.

आता कसं सांगू! माझी नात सई आणि तिची मैत्रीण कॉमिक काढतात. सईचे महावीर, म्हणजे सुपरहीरो, वेगळे, मैत्रिणीचे वेगळे. या वेळी दोघींनी सगळ्यांना एकाच गोष्टीत आणलं होतं. शक्ती असलेली माणसं मूठभर, लोक त्यांना घाबरतात, सरकार त्यांना हुडकून कोंडतं, अशी ती गोष्ट. नोटीस त्यातलीच! सई जेवताना रोज सांगायची. मी रोज मान डोलवायचो. ऐकत कोण होतं?

मी अर्ज उचलायला गेलो, तर बाबूने त्यावर हात ठेवला.

"नाना, येलच शेतस तं मन्ही बी पाठ देखी ल्या."

कपाटामागे बूट काढून पाय लावला. बाहेर आलो तर शिपाई कंबर धरून उभा!

परतताना शेठच्या दुकानात शिरलो, माफी मागितली. ते पोत्यावर पालथे पडत म्हणाले, "व्हई गयी का नोंदणी?"

संध्याकाळी सईला सगळं सांगितलं. ती हसली नाही, विचारात पडली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, म्हातारपणी महावीर झालो!

"मग? घेणार ना मला गोष्टीत?"

"नाही जमणार, आजोबा. आमचे महावीर तोरणमाळच्या जंगलात लपतात, घाटात सैनिकांशी झुंजतात, एकमेकांसाठी जीव टाकतात. दीडशे पानं सरकार त्यांना शोधतंय."

"बरं, मग?"

"तुम्हाला घेतलं तर तुम्ही तीन झेरॉक्स घेऊन स्वतःच हजर होणार. माझं कॉमिक सातव्या पानावरच संपेल!"